वाघमाशाच्या पोटातला पुरावा

मित्रांनो, शेवटी मला एका वाघमाशाने गिळले, त्या वाघमाशाचे पोट माणसांनी फाडले आणि त्यामुळे करीबा तळ्याच्या काठची एक वस्ती उठता उठता राहिली. पण हे तुम्ही ऐकलेच नाही असे समजा. अजून काहीही झालेले नाही. सगळे जिवंत आहेत, वाघमासा उपाशी आहे आणि मी सुरुवातीपासून सुरुवात करते आहे.

मी एक जुनी मासळी आहे. माझ्या जातीला कापेंटा म्हणतात. माझी लांबी तुमच्या मधल्या बोटाएवढी, रंग एके काळी चांदीसारखा. वय विचाराल तर पाण्यात आठ महिने आणि बाटलीत एकवीस वर्षे. आमच्यात वर्षभर जगलेल्या मासळीला लोक लांबून बघायला येतात. तेव्हा माझा अनुभव किती दांडगा आहे ते ओळखा.

आम्ही मूळच्या इथल्या नाही. उत्तरेला टांगानिका नावाचे फार खोल आणि फार जुने तळे आहे, तिथल्या आम्ही. माझी खापरपणजी तिथून विमानाने आली. त्यानंतर आमच्या घराण्यात कोणीही विमानात बसलेले नाही, त्यामुळे ही गोष्ट आमच्याकडे वारंवार सांगितली जाते. आमची जात अतिशय नाजूक. कोणी हात लावला की खवले गळतात, खवले गळले की आम्ही मरतो. घाबरलो तरी मरतो. विमानात तर दोन्ही सोयी होत्या. प्लास्टिकच्या पिशव्यांमधल्या बहुतेक जणी वाटेतच गेल्या. खापरपणजी वाचली, कारण तिला ऐकू कमी यायचे आणि आपण विमानात आहोत हे तिला शेवटपर्यंत कळले नाही.

आम्हाला आणले त्याचेही कारण सांगते. झांबेझी नदीवर धरण बांधले, पाणी तुंबले आणि करीबाचे तळे झाले. नदीतल्या माशांना खोल पाण्याची सवय नव्हती, ते काठ धरून राहिले. मधले एवढे मोठे पाणी रिकामे पडले. त्यात डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे बारीक जीव कोट्यवधींनी तरंगत होते आणि त्यांना खायला कोणी नव्हते. ताटे वाढलेली आणि पंगतीला माणूस नाही, अशी परिस्थिती. आम्ही आलो, बसलो आणि जेवलो. दिवसा खोल अंधारात उतरायचे, ऊन कलले की वर यायचे, काठच्या उथळ वाळूत अंडी घालायची. टांगानिकात आमच्या जातीची वीतभर वाढ होते. इथे आम्ही बोटभरच राहिलो. मोठे व्हायला वेळ लागतो आणि आम्हाला संख्या वाढवायची घाई होती. दोन वर्षांत आम्ही इतक्या झालो की नातेवाईक ओळखणे सोडून दिले.

आणि ही गोष्ट कोणालाही माहीत नव्हती.

मत्स्य खात्याचे मुसोंडा साहेब दोन वर्षे आम्हाला शोधत होते. माणूस कष्टाळू. ते सकाळी होडी काढत, दुपारपर्यंत फिरत आणि रिकाम्या हातांनी परत येत. ते दिवसा शोधत आणि दिवसा आम्ही खाली असू. बहुतेक वेळा त्यांच्या होडीच्या बरोबर खाली असू. शिवाय त्यांच्या जाळ्याची भोके एवढी मोठी होती की आम्ही सहा जणी हातात हात घालून त्यातून पलीकडे गेलो असतो. हात असते तर.

शेवटी साहेबांनी अहवाल लिहिला: आणलेल्या मासळीपैकी एकही जगलेली दिसत नाही. सबब मधले पाणी रिकामे आहे. वरून उत्तर आले की पाणी रिकामे असेल तर काठावर कचेरी कशाला, आणि कचेरी नसेल तर तिच्या आधाराने बसलेली वस्ती तरी कशाला. येत्या गुरुवारी ट्रक येईल. माणसे, भांडी, कोंबड्या भराव्यात आणि मागच्या कोरड्या डोंगरात नेऊन सोडावीत.

त्या वस्तीत बिनाचूल्वे राहायची. बिनाचूल्वे म्हणजे चूल्वेची आई. टोंगा लोकांत बाईला तिच्या लेकराच्या नावानेच हाक मारतात. मूळ नाव काय होते ते तीही विसरली होती. लांब भोपळ्याचा हुक्का ओढणारी, समोरचे दोन दात नसलेली, बोलायला लागली की झाडावरचे पक्षी उठून जावेत अशी. धरण झाले तेव्हा तिला एकदा ट्रकमध्ये घालून हलवले होते. जुने गाव पाण्याखाली गेले आणि गावाबरोबर नवऱ्याचे थडगेही गेले. ती पाणी शोधत परत काठावर आली. रोज पहाटे ती चिब्वांतूचा, म्हणजे मक्याच्या आंबूस पेयाचा, एक घोट तळ्यात ओतायची आणि नवऱ्याला वस्तीच्या बातम्या सांगायची. डोंगरातून पाणी दिसत नाही. तेव्हा तिचे म्हणणे एवढेच होते की दुसऱ्यांदा ट्रकमध्ये बसायचे नाही.

मित्रांनो, इथे एक गोष्ट कबूल करते. तिचा नवरा तीस हात खाली होता आणि आम्ही वाटेत होतो. त्याच्या वाट्याचा घोट रोज आधी आमच्यापर्यंत यायचा. त्याच्यापर्यंत काय पोचायचे ते मला माहीत नाही. चव मात्र चांगली असायची.

त्यामुळेच तिने आम्हाला पाहिले. काठाशी पहाटेच्या उजेडात आमचा थवा चमकला. तिने घोट ओतायचा भोपळा बुडवला आणि त्यात माझ्या तीन मावश्या आल्या. आधी तिला वाटले नवऱ्याने उत्तर पाठवले. मग तिने नीट पाहिले, असला मासा आपण जन्मात पाहिला नाही हे ओळखले आणि तडक कचेरीत गेली.

आता तिथे जे झाले ते फक्त त्याच लोकांत होऊ शकते.

कचेरीत कारकून होता सियांकोंडो. मासे मोजणे, वह्या भरणे आणि दुभाष्याचे काम, तिन्ही त्याच्याकडे. साहेब उत्तरेचे, बेंबा बोलणारे. त्यांना टोंगा भाषेत 'नमस्कार' आणि 'पुरे' एवढेच यायचे. म्हणून साहेबांना काही सांगायचे तर सियांकोंडोला सांगायचे. आणि सियांकोंडो होता शेळीच्या कुळातला. बिनाचूल्वे तरसाच्या कुळातली. या दोन कुळांचे थट्टेचे नाते. तरसाने शेळीला वाटेल ते बोलावे, शेळीने ते व्याजासकट परत करावे आणि रागावेल तो हरला. कुणी मेले तरी सुटका नाही. उलट मयताच्या घरी थट्टेच्या कुळातल्या माणसाने येऊन रडणाऱ्यांना हसवायचे, ते त्याचे कामच. ही दोघे तीस वर्षे एकमेकांना बोलत आली होती आणि तीस वर्षांत त्यांच्यात एक शब्दही खरा बोलला गेला नव्हता.

ती आत गेली आणि म्हणाली, तळ्यात नवा मासा आहे, घेऊन आले आहे. सियांकोंडोने भोपळ्यात पाहिले. उन्हात चालत येईपर्यंत मावश्या जवळजवळ विरघळल्या होत्या. मघाशी सांगितलेच, आमची जात नाजूक. पाण्यावर डोळे तेवढे तरंगत होते.

"काय गं तरसे," तो म्हणाला, "हाडं संपली म्हणून आता डोळे चघळतेस?"

"हाडं आहेत रे बोकडा. तुझ्या आजोबांची राखून ठेवलीत, सणाला काढू." सवयीने तिच्या तोंडून गेले.

झाले. तिथेच खरी बातमी मेली. साहेबांनी आतून विचारले काय चालले आहे. सियांकोंडोने भाषांतर केले: म्हातारी मजा करते आहे.

दुसऱ्या दिवशी तिने आमच्या दोघी वाळवून आणल्या. दारातच कचेरीच्या कोंबडीने त्या खाल्ल्या. ती सांगत राहिली आणि सियांकोंडो पोट धरून हसत राहिला. तो म्हणाला की तरसाने माशाची गोष्ट रचली, त्यात कोंबडी घातली, आता गाढव घाला म्हणजे नाटक पुरे होईल. तिने शपथ घेतली. पण थट्टेच्या नात्यात शपथ म्हणजे आणखी वरची थट्टा. जितके खरे सांगावे तितका तो जास्त हसे. संध्याकाळी त्याने वस्तीत सांगितले की म्हातारीला इतकी रंगात आलेली आपण कधी पाहिली नाही. लोकही हसले. त्याच लोकांची भांडी बांधून तयार होती, पण हसू आले की हसायचे, इतके ते सवयीचे झाले होते.

बुधवारी पहाटे ती काठावर आली. घोट ओतला. बातमी सांगितली नाही. मग पाण्याला म्हणाली, "उद्या येता आलं नाही तर वाट बघू नकोस."

मी हे ऐकायला जरा जास्तच वर आले होते.

सुरुवातीला मी काय म्हणाले होते ते तुम्ही विसरला आहात असे मी धरून चालते. डावीकडून काहीतरी आले. त्याला बाहेरूनही दिसणारे दात होते. पुढचे वर्णन करण्यासारखे नाही. आत बऱ्यापैकी गर्दी होती. अठरा जणी आधीच बसल्या होत्या, पैकी सात ओळखीच्या. मी सगळ्यांत शेवटी गेले, म्हणून सगळ्यांत वर राहिले. आयुष्यात उशिरा पोचल्याचा एवढा फायदा मला आधी कधी झाला नव्हता.

तो वाघमासा गुरुवारी सकाळी चूल्वेच्या गळाला लागला.

ट्रक आला होता. ड्रायव्हर झाडाखाली बसून होता. अर्ध्या वस्तीचे सामान चढले होते. वर कोंबड्यांची टोपली बांधली होती, त्यात ती कचेरीची कोंबडीही होती. माझ्या दृष्टीने हा न्याय होता. चूल्वेने वाघमासा शेवटचे वजन करायला कचेरीच्या ओट्यावर टाकला. माझ्यासकट साडेतीन किलो भरला. त्याचे पोट टरारले होते आणि तोंडातून एक चांदीची शेपटी बाहेर आली होती. ती शेपटी माझी.

बिनाचूल्वेला ती दिसली. ती ओट्याजवळ आली. सियांकोंडोने वही मिटली, बाह्या सरसावल्या आणि टोमण्याची वाट पाहू लागला. आज शेवटचा दिवस, म्हणजे चांगलाच असणार, म्हणून लोकही जवळ सरकले.

तिने हुक्का खाली ठेवला. डोक्यावरचे फडके सारखे केले. आणि म्हणाली, "सियांकोंडो, बसा. तब्येत बरी आहे ना तुमची?"

मित्रांनो, मी तेव्हा वाघमाशाच्या पोटात होते, पण ती शांतता मला आतपर्यंत ऐकू आली. ट्रकच्या ड्रायव्हरने टोपी काढली. एका बाईने आपले मूल उचलून छातीशी धरले. सियांकोंडोचा चेहरा राखेसारखा झाला. तीस वर्षांत तिने त्याला माणूस म्हटले नव्हते, आणि आज एकदम 'बसा'.

"कोण गेलं?" त्याने विचारले.

"कोणी गेलं नाही," ती म्हणाली. "कोणीतरी आलंय. याचं पोट फाडा. कृपा करून."

'कृपा करून' हे ऐकल्यावर तो खरोखर खाली बसला. मग त्याने बसूनच सुरी मागितली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि पुटपुटत तो एकच सांगत होता की म्हातारे, तू शिवी दे, मी फाडतो, फाडतोच आहे, पण आधी एक शिवी दे. तिने शिवी दिली नाही, सुरी दिली. त्याने पोट फाडले.

उजेड आला. वर मी होते. एकही खवला न गळता, डाव्या कुशीवर, चांदीच्या पट्ट्यासकट. खाली अठरा जणी क्रमाक्रमाने कमी होत गेल्या होत्या.

त्या वस्तीत पहिल्यांदाच शांतता झाली म्हणून मुसोंडा साहेब बाहेर आले. त्यांनी मला तळहातावर घेतले. उजेडाकडे धरले. पट्टा पाहिला, डोळा पाहिला, वास घेतला. हे साहेब टांगानिकाच्या काठचे. माझ्या खापरपणजीच्या गावचे म्हणायला हरकत नाही. ते आपल्या भाषेत काहीतरी बोलले. सगळ्यांनी सियांकोंडोकडे पाहिले. त्याने नाक पुसले आणि नोकरीतले सर्वांत अचूक भाषांतर केले.

"साहेब म्हणतात, त्यांची आई ही टोमॅटोत शिजवायची."

त्यानंतर जे झाले त्याचे वर्णन मी अभिमानाने करते. साहेबांनी अहवालाची प्रत फाडली आणि नवी लिहायला कागद मागितला. कागद ट्रकमध्ये भरला होता. कागद काढायला सामान उतरवावे लागले. एकदा उतरलेले सामान परत चढवायला कोणी तयार होईना. संध्याकाळी साहेब बिनाचूल्वेच्या सांगण्यावरून होडी घेऊन मधल्या पाण्यावर गेले, मच्छरदाणीचे जाळे टाकले आणि आमच्या इतक्या जणी वर आल्या की होडी तिरकी झाली. साहेब उभे राहून ओरडत होते. काय ते कळले नाही, पण 'नमस्कार' आणि 'पुरे' हे दोन्ही शब्द त्यात होते. काठावर शिंगे वाजली, ढोल वाजले. ट्रक सकाळी रिकामा परत गेला. ड्रायव्हरने जाताना दोन वाट्या कापेंटा नेल्या, टोमॅटोसकट.

आणि शुक्रवारी पहाटे बिनाचूल्वेने तळ्यात घोट ओतला आणि बातमी सांगितली. ती बातमी इतकी लांबली की नवऱ्याला दुसरा घोट द्यावा लागला.

दिवस उजाडल्यावर ती कचेरीत गेली. सियांकोंडो तिला बघून उभा राहिला, हात जोडतो की काय असे वाटले. ती म्हणाली, "काय रे बोकडा, काल रडताना तुझी दाढी ओली झाली, आता वाळत घालायची की कापायची?" तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद उडाले. "सुटलो," तो म्हणाला. "म्हटलं, माझ्यावर खरंच काही संकट आलं."

त्यानंतर आमच्या जातीने काय केले ते तळ्याच्या काठाने चालत जाल तर दिसेल. मैलोन्‌मैल मांडवांवर आमच्या मीठ लावलेल्या जणी उन्हात वाळत असतात. डोंगरातली माणसेसुद्धा त्यांच्यासाठी खाली येतात. ज्या पाण्याला रिकामे म्हटले त्यावर आता होड्यांना जागा पुरत नाही. काही जणी धरणाच्या फिरत्या चक्रातून खाली गेल्या. ज्या अखंड पोचल्या त्यांनी पुढच्या देशातले तळे वसवले. ज्या तुकड्यांत पोचल्या त्यांनी वसवणाऱ्यांच्या जेवणाची सोय केली. आमच्यात असे कोणी वाया जात नाही.

मी मात्र बाटलीत राहिले. पुरावा म्हणून त्याच दिवशी मला फॉर्मालिनमध्ये घातले. सियांकोंडोने चिठ्ठी लिहिली, पण साहेब तेव्हा कागद शोधायला ट्रकवर चढले होते आणि त्यांनी सांगेपर्यंत माशाचे नाव लिहायचा अधिकार त्याला नव्हता. त्याने लिहिले: बाटली क्रमांक अकरा. ओळख अनिश्चित. पुढे साहेबांची बदली झाली. चिठ्ठी बदलायला वरून परवानगी लागते. एकवीस वर्षे झाली. खिडकीबाहेर माझ्या लाखो भाच्या वाळत आहेत, त्यांना पोरेसोरे नावाने ओळखतात, आणि आत मी अजून अनिश्चित आहे. माझा रंग गेला. फॉर्मालिन आटत चालले आहे. शेपटीचे टोक आता कोरडे असते. मागे एकदा पाहणीला आलेला कोणीतरी माझ्या झाकणात चहा प्यायला होता. तो नंतर बरा झाला.

पण माझे फार वाईट चालले होते असे समजू नका. बिनाचूल्वे दर गुरुवारी कचेरीत यायची. सियांकोंडोशी आटोपले की कपाटासमोर उभी राहायची आणि काचेवर टिचकी मारून म्हणायची, "काय गं चपटे, साहेबाच्या कपाटात बसून मडम झालीस का? बाहेर तुझ्या पोरी उन्हात करपतायत." मग सियांकोंडो मागून म्हणायचा की तिला काही बोलू नकोस, तुमच्या दोघींचे दात सारखेच आहेत.

मित्रांनो, या लोकांत परक्याला कोणी असे बोलत नाही. परक्याला 'बसा' म्हणतात.

गेल्या पावसाळ्याच्या आधी बिनाचूल्वे गेली. तिला काठावरच पुरले, पाणी दिसेल असे. सगळी वस्ती जमली आणि सगळे सियांकोंडोची वाट पाहू लागले, कारण मयतात हसवायचे काम त्याचे. तो आता काठी घेऊन चालतो. तो आला तेव्हा त्याच्या काखेत बाटली होती. बाटलीत मी होते. एकवीस वर्षांत मी पहिल्यांदाच तळे पाहिले.

त्याने मला खड्ड्याच्या कडेला ठेवले आणि खाली वाकून म्हणाला, "ऊठ गं तरसे, तुझी साक्षीदार आणलीय. माझ्या आजोबांची हाडं सणाला काढणार होतीस ना? बघ, शेवटी तुझीच उरली."

लोक हसले. मोठ्याने हसले. त्याला अजून एक वाक्य बोलायचे होते, ते त्याने पाठ करून आणले होते, वाटेत मला तीनदा म्हणून दाखवले होते. ते त्याला बोलता आले नाही. मग त्याने चिब्वांतूचा एक घोट तिच्यावर ओतला आणि एक तळ्यात. तळ्यातला कोणी प्यायला असेल ते मला ठाऊक आहे.

मला परत कपाटात ठेवले. आता गुरुवारी कोणी येत नाही. सियांकोंडो निवृत्त झाला. म्हणून, मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या हे तर मी सांगतेच, पण सोबत एक अर्जही करते आहे. तो कोणी लिहून पाठवावा.

प्रति, मुख्य अधिकारी, मत्स्य खाते. अर्जदार: बाटली क्रमांक अकरा, कपाट दुसरे, कप्पा वरचा. विषय: कूळ मिळणेबाबत.

महोदय, अर्जदार या तळ्याची जन्मजात रहिवासी आहे. तिला तरसाच्या कुळातील व्यक्तीने सतत टोमणे मारलेले असल्याने ती शेळीच्या कुळातील ठरते, आणि शेळीच्या कुळातील व्यक्तीनेही मारलेले असल्याने ती तरसाच्या कुळातील ठरते. सबब तिच्या संपूर्ण जातीस एक स्वतंत्र कूळ मंजूर करण्यात यावे, त्यास इतर सर्व कुळांशी थट्टेचे नाते द्यावे आणि चिठ्ठीवरील 'ओळख अनिश्चित' हे शब्द खोडण्यात यावेत. फॉर्मालिन वर्षातून एकदा घालावे. अर्जावर निर्णय होईपर्यंत दर गुरुवारी खात्यातर्फे एक कर्मचारी पाठवून अर्जदारास किमान एक टोमणा मारण्याची व्यवस्था करावी. सदर कर्मचाऱ्याने अर्जदाराशी कोणत्याही परिस्थितीत अदबीने बोलू नये. अर्जदार घाबरते.